हौस जुन्या मोटारीची, हिशेब खिशाचा

रविवारची सकाळ असते. वसाहतीच्या आवारात एक फिकट निळी फियाट बॉनेट उघडून उभी असते आणि पन्नाशीचे एक गृहस्थ हातात पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन इंजिनात डोके घालून असतात. वरच्या खिडकीतून हाक येते, "अहो, चहा पुन्हा गार झाला! एवढ्या वेळात मी रिक्षाने मंडईत जाऊन आले असते." गृहस्थ हसतात, पॉइंट घासतात, डिस्ट्रिब्युटरचे झाकण बसवतात आणि चावी फिरवतात. दोनदा खोकून इंजिन सुरू होते. खिडकीतला चेहराही नकळत हसतो.

असे दृश्य मराठी घरांना अनोळखी नाही. कुणाच्या वडिलांची पहिली मोटार फियाट होती, कुणाच्या मामांकडे हेरल्ड होती, तर कुणी लग्नाच्या वरातीत सजवलेल्या अॅम्बेसेडरमधून सासरी आले. आता मुले मोठी झाली, हाताशी थोडे पैसे आले की ती हौस पुन्हा डोके वर काढते. जाहिरातीत जुनी मोटार स्कूटरच्या किमतीत दिसते आणि मन पाघळते. नेमकी इथेच चूक होते. जुन्या युरोपीय मोटारीच्या बाबतीत खरेदीची किंमत हा सर्वांत लहान खर्च असतो. मोठा खर्च पुढे असतो, आणि तो किती येणार हे गाडी निवडतानाच ठरून जाते.

कुर्ल्याची इटालियन

भारतात 'जुनी युरोपीय गाडी' म्हटले की पहिला मान फियाटचा. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार होऊ लागली. पन्नाशीच्या दशकातील गोल नाकाच्या मॉडेलला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे लाडके नाव दिले. १९६४ मध्ये ११०० डी आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. शतक संपता संपता उत्पादन थांबेपर्यंत मूळ रचना फारशी बदलली नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस काळ्या-पिवळ्या पद्मिनीने रस्त्याचा निरोप घेतला.

ही रचना न बदलणे हीच आज कमी बजेटच्या हौशी माणसाची सोय आहे. एका वर्षाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बसतो. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी म्हणून धावल्या, त्यामुळे त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री अजून सापडतात.

अॅम्बेसेडरचेही तसेच. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही मोटार २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग बंगालपासून केरळपर्यंत मिळतात. याउलट मद्रासला १९६१ पासून तयार झालेली स्टँडर्ड हेरल्ड दिसायला देखणी. तिचे पुढचे संपूर्ण नाक पुढच्या बाजूला कलते आणि इंजिन चोहोबाजूंनी मोकळे होते. काम करायला सोपी, पण भाग शोधायला अवघड. कल्याणला १९९० च्या दशकाच्या मध्यात तयार झालेली प्युजो ३०९ तर काही वर्षांतच बंद पडली. अशी गाडी फुकट मिळाली तरी एका काचेसाठी किंवा दिव्यासाठी वर्षभर हिंडावे लागू शकते.

म्हणून पहिला नियम असा: ज्या गाडीची भावंडे पुष्कळ, तीच गाडी घरात आणावी.

स्वस्तातली जर्मन आणि तिचे दुखणे

दुसरा मोह तुलनेने नव्या गाड्यांचा असतो. महाराष्ट्र हे भारतातील युरोपीय मोटारींचे माहेरच म्हणायला हवे. पुण्यात १९९५ पासून मर्सिडीज तयार होऊ लागली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, २००१ पासून स्कोडा बनली. चाकणहून २०१० साली फोक्सवॅगन पोलो बाजारात आली आणि २०२२ पर्यंत टिकली. रांजणगावहून फियाटची पुंटो निघाली. यातल्या दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या आज नव्या लहान गाडीपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळतात. दार लावल्यावरचा तो भरीव आवाज ऐकला की नवरा-बायको दोघांचेही एकमत होते.

पण गाडीचे वय वाढले म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. मोठ्या मोटारीचा भाग मोठ्या मोटारीच्याच किमतीला येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन, टर्बो, वातानुकूलन आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांपैकी एक जरी बिघडले, तरी दुरुस्तीचे बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जाऊ शकते. अनेक युरोपीय इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या मुदतीत बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि इंजिनाचे पूर्ण काम निघते. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न "अॅव्हरेज किती देते?" हा विचारू नये. "बेल्ट कधी बदलला? पावती दाखवता का?" असे विचारावे.

इथेही भावंडांचा नियम उपयोगी पडतो. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या काही गाड्यांमध्येही होते. त्यात बेल्टऐवजी साखळी आहे आणि त्याची नस ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. फियाटने आपल्या नावाच्या मोटारी भारतात विकणे थांबवले असले, तरी त्या इंजिनाच्या मालकाला त्यामुळे पोरके व्हावे लागले नाही. साधा गिअर आणि लहान इंजिन असलेली गाडी मध्यमवर्गीय खिशाला जितकी सोसते, तितकी मोठ्या नावाची ऑटोमॅटिक सोसत नाही.

आधी पत्रा, मग इंजिन

जुनी पद्मिनी पाहायला गेल्यावर बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात. जाणकार मात्र आधी खाली वाकून पत्रा बघतो. इंजिनाचे काम कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये ठरलेल्या खर्चात होते. सडलेल्या पत्र्याचा खर्च मात्र कापायला घेतल्याशिवाय कळत नाही. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागातील गाडी असेल तर दुप्पट काळजी घ्यावी. पायाखालची सतरंजी उचलून जमीन पाहावी. दारांचे खालचे काठ, दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, डिकीतील स्टेपनीचा खड्डा आणि जॅक लावण्याच्या जागा बोटाने ठोकून बघाव्यात. खिशात एक लहान लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्यावा. जिथे तो चिकटत नाही, तिथे चकचकीत रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत शिरते आहे. ऑइलची कांडी बाहेर काढल्यावर ऑइल दुधाळ दिसले, तर तिथूनच नमस्कार करून निघावे. मग गाडी वीस-पंचवीस मिनिटे चालवून पाहावी. ब्रेक दाबल्यावर ती एका बाजूला ओढते का, स्टिअरिंगमध्ये ढिलाई आहे का, गिअर उडतो का, काटा लाल रेषेकडे सरकतो का, हे सारे तेवढ्या वेळात कळते.

कागदांचे पासिंग

गाडीइतकेच तिचे कागद तपासावेत. आरसी बुकावरचे नाव, इंजिन आणि चॅसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी जुळायला हवेत. फार जुनी हस्तलिखित आरसी बुके कधी कधी परिवहन खात्याच्या संगणकात चढवलेलीच नसतात. हे काम विकणाऱ्याकडून पूर्ण करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी परराज्यातील असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा रस्ता-कर पुन्हा भरावा लागतो.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी पासिंगला न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या नियमानुसार वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ८०,००० रुपये ठरले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात राहणाऱ्यांनी तर आधी नियम पाहावा आणि मगच गाडी. तिथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदीत न्यायालयाच्या आदेशांनी २०२५ मध्येही फेरबदल झाले.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या मोटारीसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीची सोय आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शनिवारी भाजी आणायला किंवा आजीला दवाखान्यात न्यायला जुनी फियाट वापरायची असेल, तर या नोंदणीचा मोह टाळावा.

मिस्त्री आणि महिन्याचा डबा

गाडी घेण्यापूर्वी मिस्त्री शोधावा. घरापासून जवळ, पॉइंट आणि कार्बोरेटर यांची भाषा जाणणारा आणि जुना भाग काढून हातात देणारा मिस्त्री मिळाला, की अर्धी लढाई जिंकली. शक्य तर गाडी पाहायला त्यालाच सोबत न्यावे. ही विद्या जाणणारे मिस्त्री आता वयस्कर झाले आहेत. त्यांच्या हातून काम होत असताना शेजारी उभे राहून प्लग साफ करणे, फॅनबेल्टचा ताण पाहणे, पॉइंटचे अंतर लावणे शिकून घ्यावे. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, बंगळुरूचा जे. सी. रोड, कोलकात्याचा मलिक बाजार ही ठिकाणे हौशी मंडळींच्या परिचयाची आहेत.

पद्मिनीसारख्या गाडीला लाड नकोत, नेम हवा. ऑइल वेळेवर बदलावे, ग्रीसिंग चुकवू नये, नाहीतर पुढची किंगपिन झिजते आणि स्टिअरिंग डगमगू लागते. ड्रम ब्रेक अधूनमधून अॅडजस्ट करून घ्यावेत. उन्हाळ्यात घाट चढण्यापूर्वी रेडिएटर साफ करावा. आठवड्यातून एकदा तरी गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणावी, कारण उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते किंवा भेगा पाडते. इंजिनाजवळच्या पाइपातून पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून जुनी गाडी हाती येताच पेट्रोलचे सर्व रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फिल्टर इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल साठवू नये.

पैशांचा सोपा हिशेब असा: खर्च करायला जेवढी रक्कम आहे, तिच्या दोन-तृतीयांशातच गाडी घ्यावी. उरलेला भाग पहिल्या वर्षाचे टायर, बॅटरी, ब्रेक, पाइप आणि न दिसलेले काम यांसाठी बाजूला ठेवावा. पुढे दरमहा थोडी रक्कम गाडीच्या नावाने डब्यात टाकावी. घरखर्चातून अचानक वीस हजार काढावे लागले की हौसेचे भांडण होते. डबा असेल तर ते टळते.

घरची माणसे आत बसणार आहेत

शेवटची गोष्ट पैशांची नाही. जुन्या फियाटमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि अनेक गाड्यांत पट्टेही नाहीत. गाडीच्या सांगाड्याला भक्कम जागी पट्टे बसवून घेणे हे रंगकामाच्या आधी करायचे काम आहे. द्रुतगती मार्गावर वेगाच्या शर्यतीत तिला उतरवू नये, रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा, लहान मुलांना पुढे बसवू नये. घरात एकच मोटार परवडत असेल आणि तीच रोज शाळेत, कार्यालयात न्यायची असेल, तर ती जुनी फियाट नसावी. ती दुसरी गाडी म्हणूनच शोभते. ते जमत नसेल तर आणखी दोन वर्षे थांबावे. हौस थांबली म्हणून मरत नाही.

आणि जमत असेल, तर पत्रा ठणठणीत, कागद स्वच्छ, मिस्त्री जवळ आणि डब्यात चार पैसे असताना घेतलेली साधी फियाट घराला बरेच काही देते. मुलगा पान्यांचे नंबर ओळखू लागतो, मुलगी स्टिअरिंगवरचा गिअर टाकायला शिकते, आजोबा आपल्या पहिल्या महाबळेश्वर सहलीची गोष्ट पुन्हा सांगतात. खिडकीतून हाक मारणारीही एखाद्या संध्याकाळी खाली उतरते, पुढच्या लांबलचक सीटवर बसते आणि म्हणते, "चला, आज मंडईत हिच्यातूनच जाऊ."