भर ओसरल्यावर
भक्तिजीवन : लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये थांबलो होतो. १९०५ चा जानेवारी. वेल्समधल्या संजीवनाची बातमी आलेली. पंडिता रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी हाक दिली आणि सत्तरेक जणी जमल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसू लागल्या, आणि महिनाअखेरीस जे रडणं, पापकबुली, मोठ्यानं प्रार्थना करणं सुरू झालं त्याची चर्चा जगभर गेली. मुक्तीच्या सुरुवातीच्या मुलींत १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या बऱ्याच होत्या. आपलं सावनेर तेव्हा त्याच प्रांतात होतं.

इथवरची गोष्ट साक्षींमधून, प्रवचनांमधून सगळ्यांनी ऐकलेली असते. त्यापुढे रमाबाई काय करत होत्या, हे मात्र क्वचित कुणी सांगतं. मला तोच भाग अधिक मोलाचा वाटतो. त्या बायबलचं भाषांतर करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, फारसं न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत, ओळीमागून ओळ. ऐकू येईनासं झालं होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं, आणि मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

संजीवनाचा भर काही महिन्यांचा होता, हे काम कित्येक वर्षांचं. भक्तीतली उत्कटता देवाकडून येते आणि तिचं वेळापत्रक आपल्याला कळवलं जात नाही. आपल्या हाती असतो तो नेम. दानीएल दिवसातून तीनदा यरुशलेमेच्या दिशेच्या खिडकीशी गुडघे टेकत असे. राजाचा मनाईहुकूम निघाल्यावरही त्यानं तेच केलं. त्या तीन वेळांना त्याचं मन भरून येत होतं की नाही, याबद्दल शास्त्र काही बोलत नाही.

आपल्याकडे अडचण नेमाच्या वेळेचीच आहे. कोळसा खाणीत पाळी बदलते, तशी घराची प्रार्थनेची वेळ कोलमडते. पहाटे चारची भक्ती ही रात्रपाळी करून आलेल्या माणसावर लादू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं अंघोळ करून, चहा घेऊन, झोपण्यापूर्वी एक स्तोत्र वाचावं. स्तोत्रं १५० आहेत. रोज पाच वाचली तर महिन्यात संपतात, एक वाचलं तर पाच महिने लागतात. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक धरला तर बरोबर ५२ आठवडे होतात आणि दोन दिवस चुकलेलं भरून काढायला उरतात. ज्याला हेही जमत नाही त्याचं मन कोरडं नसतं, बहुतेक वेळा त्याचा मोबाईल उशाशी असतो.

कोरडेपणाचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. सावनेर-काटोलच्या बागायतदाराला तो समजावून सांगावा लागणार नाही. आंबिया बहार धरायचा तर संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो. पानं मलूल होतात, पाहणाऱ्याला झाड गेलंसं वाटतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपानं आली तेव्हा जगाला धक्का बसला. प्रार्थनेत देव जवळ आहे असं त्यांना कित्येक दशकं जाणवलंच नव्हतं, आणि तरी रोजची प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. ते स्तोत्रसंहितेत ठेवलं गेलं, हाच मोठा दिलासा. अशा दिवसांत स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा असं स्तोत्र मोठ्यानं वाचावं.

रेव्हरंड टिळकांचा स्वभाव याच्या उलट, क्षणात पेटणारा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये तो हसतहसत रंगवला आहे. सावनेरकरांना १९१९ म्हटलं की राम गणेश गडकरी आठवतात, कारण जानेवारीत ते इथेच गेले. त्याच वर्षी मे महिन्यात टिळक मुंबईत वारले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं. पुढे ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. एकाच्या भक्तीला दुसऱ्याचा हात लागतो, हे आपल्या घरांनी लक्षात घ्यावं. नवरा पाळीवर असेल तर बायकोनं आणि मुलांनी ठरलेल्या वेळी बसावं, त्याची वाट पाहत उपासना बुडवू नये.

पुढच्या लेखांकाचा विषय कौटुंबिक उपासना हाच आहे. तोवर मार्काचं शुभवर्तमान हाती घ्या. अध्याय १६ आहेत; आजपासून रोज एक वाचलात तर पुढचा लेख येईपर्यंत सात झालेले असतील.