नाममुद्रा आणि उत्तरदायित्व : अभियांत्रिकी शोधनिबंधातील लेखकत्व

मिशेल फुको यांनी १९६९ मधील आपल्या व्याख्यानात लेखकाचे नाव हे संहितांचे वर्गीकरण करणारे तत्त्व म्हणून पाहिले. साहित्याच्या अभ्यासकांना ही मांडणी परिचित आहे. अभियांत्रिकीच्या शोधनिबंधात मात्र एकाच संहितेवर अनेक नावे असतात. त्यांपैकी काहींनी मूळ मसुद्यातील एकही वाक्य लिहिलेले नसते. अशा वेळी लेखक कोणास म्हणावे?

‘आयट्रिपलई’ या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यासाठी तीन अटी घातल्या आहेत : सिद्धान्त, प्रयोगरचना, प्रारूपनिर्मिती अथवा विश्लेषण यांत लक्षणीय बौद्धिक वाटा, मसुद्याच्या लेखनात वा चिकित्सक पुनर्लेखनात सहभाग, आणि अंतिम संहितेस संमती. तिन्ही अटी पूर्ण न करणाऱ्यांचे स्थान ऋणनिर्देशात. केवळ विभागप्रमुख असल्याने लेखकत्व प्राप्त होत नाही.

या भेदाचे महत्त्व बेल लॅब्जमधील यान हेन्ड्रिक श्योन प्रकरणात स्पष्ट झाले. २००२ मध्ये चौकशी समितीने २४ आरोपांपैकी १६ बाबतींत श्योन यांना दोषी ठरविले. सहलेखक गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त झाले. परंतु निष्कर्षांच्या सत्यतेविषयी सहलेखकाचे उत्तरदायित्व किती, हा प्रश्न समितीने उपस्थित केलाच.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पातळ्या ठरविल्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यास दंड नाही. पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची २०१६ ची सक्ती २०२२ च्या विनियमांत उरली नाही. साधर्म्याची टक्केवारी शब्दांची उसनवारी मोजते. भिडेखातर घातलेले नाव तिच्या कक्षेत येत नाही. नवोदित अध्यापकाची खरी अडचण येथेच आहे. वरिष्ठांना नकार देणे त्यास जड जाते आणि पुढे दोष उघड झाल्यास मूळ आकडे मागितले जातात ते प्रथम त्याच्याकडेच.

म्हणून प्रकल्पाच्या प्रारंभीच प्रत्येकाचा वाटा व नावांचा क्रम लिखित स्वरूपात निश्चित करणे इष्ट होय. ‘क्रेडिट’ या वर्गीकरणातील १४ भूमिका त्यासाठी उपयोगी पडतात : संकल्पना, कार्यपद्धती, आज्ञावली, पर्यवेक्षण, मूळ मसुदा इत्यादी. मूळ आकडे जपून ठेवावेत व सर्व सहलेखकांनी ते पाहिलेले असावेत. तसेच एकच निबंध एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे धाडू नये.

साहित्यात टोपणनावाने लिहिण्याची मुभा आहे. निनावी संहितेलाही तेथे स्थान आहे. शोधनिबंधावरील नाव मात्र प्रश्न विचारला असता उत्तर कोणी द्यावयाचे, हे सांगण्यासाठी असते. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याचे नाव तेथे असू नये.