पाचट जळते तेव्हा काय जाते?

कराड, वाळवा, पलूस या भागांत ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळी रानांतून धूर उठताना दिसतो. तोडणीनंतर उरलेले पाचट पेटवलेले असते. पाचटामुळे सरीतून पाणी नीट सरकत नाही, मशागतीला अडथळा होतो, उंदीर माजतात. शेतकऱ्याच्या या अडचणी खऱ्या आहेत. पण आगीत जाते काय, याचा हिशेब आपण मांडून पाहू.

एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघते. त्यात जवळजवळ अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे चार टनांत सुमारे 20 किलो. पाचट जळताना नत्र आणि कर्ब वायुरूपाने निघून जातात. पालाश बरेचसे राखेत उरते. गेलेले नत्र युरियाने भरून काढता येईल, पण सेंद्रिय शेतीत तो मार्ग नाही. आणि जमिनीतला सेंद्रिय कर्ब तर युरियानेही भरून निघत नाही.

मग पाचट नुसते राखले की झाले? तसेही नाही. पाचटात कर्बाचे प्रमाण नत्राच्या ऐंशी ते शंभर पट असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना व बुरशींना मात्र साधारण 25 भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. कमी पडलेले नत्र ते मातीतून उचलतात, म्हणून खोडवा काही काळ पिवळा पडू शकतो. यासाठी पाचट सरीत पसरून त्यावर शेणकाला शिंपडतात व ओल राखतात. पुढे हे सूक्ष्मजीव मरतात, तेव्हा अडकलेले नत्र पिकाला मिळू लागते. शिवाय आच्छादनाखाली जमिनीतली ओल टिकते.

कर्बाचे काम वर्गातही दाखवता येईल. नेहमी नांगरल्या जाणाऱ्या रानातले एक आणि गवताळ बांधावरचे एक, अशी सारख्या आकाराची दोन वाळलेली ढेकळे आणा. पाण्याने भरलेल्या दोन ग्लासांत ती तारेच्या जाळीवर अलगद ठेवा. पाणी आत शिरताना कोंडलेली हवा ढेकळाला आतून रेटते. बांधावरच्या मातीचे कण मुळे, बुरशीचे धागे आणि ह्यूमस यांनी बांधलेले असतात, त्यामुळे ते ढेकूळ बहुधा जास्त वेळ टिकते. दुसरे लवकर विरघळते. पावसात रानाचेही असेच होते: सुटलेले बारीक कण छिद्रे बुजवतात आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन वाहते.

पाचट राखणाऱ्या व जाळणाऱ्या शेतांतली ढेकळे मुलांनी दरवर्षी अशीच तपासून नोंदवली, तर गावाच्या मातीचे प्रगतिपुस्तकच शाळेत तयार होईल.