पाण्याचं हाड, पाण्याचं मीठ

उरणच्या दक्षिणेला, करंजाच्या अंगाला द्रोणागिरीचा डोंगर आहे. हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेकडे निघाला तेव्हा त्यातला एक तुकडा इथे पडला, असं आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. सिडकोने वसवलेल्या नव्या नगरालाही डोंगराचंच नाव मिळालं. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली आणि तेच नाव स्टेशनच्या पाटीवर चढलं.

या कथेत मला लहानपणापासून एकच गोष्ट खुणावते. हनुमानाला समुद्र ओलांडता आला, पण औषधी ओळखता आली नाही. वनस्पतींनी स्वतःला लपवलं आणि ‘ओळख पाहू मी कोण’ असं जणू विचारलं. उत्तर सापडेना, म्हणून त्याने अख्खा पर्वत उचलला. न सुटलेल्या कोड्याच्या नावाने ओळखली जाणारी गावं जगात फार नसतील. आमचं त्यांतलं एक आहे.

माझी आजी मिठागरात राबलेली. रात्री अंगणात बसली की ती कोडी घालायची. तिच्या एका कोड्यात पाण्यात जन्मून पाण्यातच मरणारं कुणीतरी होतं. आम्ही मासा म्हणायचो, बुडबुडा म्हणायचो. ती मान हलवायची. “हरलीस म्हण, मग सांगते.” हरल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही, हा तिचा कायदा. शेवटी ती डब्यातला मिठाचा खडा तळहातावर ठेवायची आणि वर थेंबभर पाणी सोडायची.

पुष्कळ वर्षांनी जुन्या इंग्रजीतलं एक कोडं वाचताना मला तो तळहात आठवला. ते कोडं जेमतेम एका ओळीचं आहे. वाटेत एक नवल पाहिलं, पाण्याचं हाड झालं होतं, एवढाच त्याचा आशय. उत्तर बर्फ. हजार वर्षांपूर्वी थंडीने काकडणाऱ्या कुणा इंग्रजाला गोठलेलं पाणी हाडासारखं वाटलं. आमच्याकडे थंडी नाही, ऊन आहे. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, उन्हावर सोडायचं आणि खाली बसलेले पांढरे खडे फळीने ओढायचे. पाण्याचं हाड इथेही होतं. फक्त आपण त्याला मीठ म्हणतो.

हे इंग्रजी कोडं ज्या हस्तलिखितात आहे, त्याला एक्झेटर बुक म्हणतात. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही चामड्याच्या पानांची पोथी. एक्झेटरचे बिशप लिओफ्रिक १०७२ मध्ये वारले. त्यांनी तिथल्या कॅथेड्रलला जे ग्रंथ दिले त्यांत ती होती आणि आजही ती तिथेच आहे. तिच्यात नव्वदहून अधिक कोडी आहेत. मधल्या काळात तिचे हाल झाले. पहिल्या पानावर सुरीचे घाव आहेत, एखादं भांडं ठेवल्याचा गोल डाग आहे आणि शेवटची पानं जळकी आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिवारशाच्या ब्रिटिश यादीत तिची नोंद झाली.

ही कोडी रचणारे अँग्लो-सॅक्सन म्हणजे पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्या जर्मानिक टोळ्यांचे वंशज. ख्रिस्ती मठांमुळे लॅटिन विद्या त्यांच्याकडे आली आणि तिच्याबरोबर कोडीही आली. सिंफोसियस नावाच्या कवीने तीन-तीन ओळींची शंभर लॅटिन कोडी रचली होती. त्याच्या वाटेने ७०९ मध्ये वारलेल्या बिशप आल्डहेल्म यांनीही लॅटिनमध्ये शंभर रचली. एक्झेटरच्या पोथीतली कोडी मात्र लोकांच्या भाषेत आहेत. त्यांत वस्तू स्वतः बोलते. ढाल आपल्या जखमा सांगते. ग्रंथ सांगतो की आपण आधी जनावर होतो, मग आपलं कातडं सोललं, भिजवलं, ताणलं आणि त्यावर पाखराचं पीस फिरलं. एक किडा शब्दच्या शब्द खातो आणि तरी शहाणा होत नाही, तो म्हणजे पुस्तकातली कसर. कांद्यावरचं कोडं ऐकताना मन भलतीकडे जातं आणि उत्तर निघतं अगदी स्वयंपाकघरातलं. आपल्याकडे हळदीला, लग्नघरी बायका एकमेकींना घालतात त्या चावट उखाण्यांची जात हीच. पोथीच्या लेखनिकालाही ते लिहून ठेवावंसं वाटलं, याचा मला आनंद होतो.

पुष्कळ कोड्यांच्या शेवटी विचारणा असते: माझं नाव काय ते सांग. आपल्या ‘ओळखा पाहू मी कोण’चीच ती बहीण. इंग्रजीत ‘रिडल’ आणि ‘रीड’ एकाच धातूपासून आले. वाचणं म्हणजे मुळात उकलणं. मराठीत ‘वाचणं’ याचा आणखी एक अर्थ आहे, जीव वाचणं. कोड्यांच्या कथांमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

जे. आर. आर. टॉल्किन १९२५ ते १९४५ या काळात ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते. एक्झेटरची कोडी त्यांचा रोजचा अभ्यास. १९२३ मध्ये तर त्यांनी स्वतःच जुन्या इंग्रजीत दोन कोडी रचून प्रसिद्ध केली, त्यांतलं एक अंड्याचं. १९३७ मध्ये त्यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी आली आणि तिच्या पाचव्या प्रकरणात कोड्यांची झुंज आली. डोंगराच्या पोटात, अंधाऱ्या तळ्याकाठी बिल्बो हा बुटका घरकोंबडा तिथे राहणाऱ्या गॉलम नावाच्या प्राण्याच्या तावडीत सापडतो. हरला तर गॉलम त्याला खाणार, जिंकला तर बाहेरची वाट दाखवणार. अंडं, वारा, मासा, काळोख अशी कोडी घातली जातात, बहुतेक टॉल्किन यांची स्वतःची. एका कोड्याचं उत्तर बिल्बोला सुचत नाही. तो घाबरून वेळ मागू लागतो आणि ‘वेळ’ हेच उत्तर असतं.

शेवटी त्याला कोडंच आठवेना. तेव्हा खिशात हात घालून तो विचारतो, माझ्या खिशात काय आहे? हे कोडं नव्हेच. ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक असू शकतं, असा तो प्रश्न. या खेळीचं मूळ अँग्लो-सॅक्सनांच्या शेजारघरी, उत्तरेकडच्या नॉर्स कथांत आहे. हेइद्रेक राजाच्या कथेत ओडिन देव वेश पालटून राजाला कोडी घालतो. राजा सगळी सोडवतो. मग ओडिन विचारतो, मेलेल्या मुलाला, बाल्डरला, चितेवर ठेवण्याआधी ओडिनने त्याच्या कानात काय सांगितलं? राजा ओळखतो की समोर देवच आहे. या कथेचा इंग्रजी अनुवाद १९६० मध्ये केला तो टॉल्किन यांचे चिरंजीव क्रिस्तोफर यांनी.

गॉलम दुष्ट आहे, तरी कोड्यांच्या खेळात फसवायला तोही कचरतो, कारण हा खेळ फार पुरातन आणि पवित्र मानलेला. बिल्बोच्या खिशात होती ती गॉलमची हरवलेली अंगठी, आणि पहिल्या आवृत्तीत तर त्याने पैजेत ती अंगठीच लावली होती. पुढे त्या अंगठीची मोठी कथा लिहायची ठरली, तेव्हा १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किन यांनी हे प्रकरण बदललं. अंगठी बदलली, पैज बदलली, कोड्यांचा खेळ तसाच राहिला. त्यानंतरच्या अद्‌भुत कथांमध्ये कोडं ठाण मांडून बसलं. हॅरी पॉटरच्या चौथ्या पुस्तकातल्या भुलभुलैयातही वाट अडवणारी स्फिंक्स कोडंच घालते.

मराठी वाचकाला यात परकं काय वाटावं? वनपर्वात चार पांडव तळ्याकाठी निष्प्राण पडले आहेत आणि युधिष्ठिर यक्षाला उत्तरं देतो आहे. पाणी, अनोळखी विचारणारा, पणाला लागलेला जीव, सगळं तेच. जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताशी वादात हरणाऱ्याला पाण्यात बुडवत. अश्वमेधात ऋत्विज एकमेकांना ब्रह्मोद्य म्हणजे कोडीच घालत. वेताळाने तर पेच आणखी आवळला. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी पुन्हा झाडावर. ही वेताळपंचविशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठीत आणली आणि पुढे ‘चांदोबा’ने ती घरोघर पोचवली. संतांनीही कूट अभंग रचले. मुक्ताबाईंची सूर्य गिळणारी मुंगी आजही जाणत्यांना विचारात पाडते.

या परंपरेचा गंभीर अभ्यास मराठी बाईने केला, याचा मला अभिमान आहे. दुर्गा भागवत यांचा भारतीय जीवनातल्या आणि साहित्यातल्या कोड्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९६५ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. कोडं म्हणजे पोरांचा वेळ घालवायचा चाळा, ही समजूत ते पुस्तक वाचल्यावर टिकत नाही. मात्र दुर्गाबाईंनी ज्या कोड्याला इतकं महत्त्व दिलं, त्याची जुनी नावंच आज आपल्या तोंडून निसटत आहेत. कोकणीत हुमाण, विदर्भात आहणा, बाकी ठिकाणी उखाणा. आज उखाणा म्हटलं की लग्नात नाव घेणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. तेही नातं जवळचंच आहे. कोडं नाव लपवून ठेवतं, नाव घेणारी ते यमकाच्या आडून उघडं करते. पण पहिला अर्थ मागे पडला, ही हानी आहे.

आणि कोडी जातात ती वस्तूंबरोबर. कोड्याचं उत्तर रोजच्या हाताखालचं असावं लागतं, तरच ते लपवण्यात गंमत. जातं, उखळ, मुसळ ज्या मुलाने पाहिलेलं नाही त्याला त्यांची कोडी कशी सुटणार? आमच्या भागातल्या आगरी समाजाच्या नावातच आगर आहे, मिठाचं आगर. उरण परिसरात खाजणं आणि मिठागरं होती, तिथे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. कंटेनरची यार्डं आली, रस्ते आले, इमारती आल्या. कामधंदा आला, तो हवाच होता. पण आजीचं कोडं मी शेजारच्या मुलाला घातलं तेव्हा मीठ सांगूनही त्याचा चेहरा कोराच राहिला. त्याच्या लेखी मीठ पिशवीतून येतं. पाण्यात जन्मणं हे त्याला कुठे दिसणार?

एक्झेटरच्या पोथीत उत्तरं लिहिलेली नाहीत. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, एवढं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आज त्यांतल्या काही कोड्यांवर विद्वान दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद घालत आहेत आणि एकमत होत नाही. आपल्या घरची कोडी अजून त्या दशेला पोचलेली नाहीत, कारण उत्तर सांगणारी माणसं हयात आहेत.

या दिवाळीत फराळाला सगळे जमतील तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्क बाईला कोडी विचारा. ती ज्या बोलीत सांगेल त्याच बोलीत उतरवून घ्या, प्रमाण मराठीत सुधारू नका. त्या वस्तूचं काम काय आणि ती घरात कुठे ठेवत, तेही विचारा. आणि कोड्याखाली उत्तर लिहायला विसरू नका.