अठाईनंतरचा युरिक अॅसिडचा आकडा
जुहूतील एखाद्या श्रावकाने पर्युषणात अठाई केली, पारण्यानंतर लगेच रक्त तपासले आणि युरिक अॅसिड ८ निघाले, की घर घाबरते. डाळी बंद होतात. वस्तुतः उपवासात शरीर चरबी जाळते. त्यातून निर्माण होणारी कीटोन द्रव्ये मूत्रपिंडांतून युरिक अॅसिड बाहेर पडू देत नाहीत. वरची मर्यादा पुरुषांत साधारण ७, स्त्रियांत ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मानतात. परंतु एका दिवसाच्या शिलकेवरून वर्षाचा ताळेबंद मांडू नये. डॉक्टरांना उपवासाची माहिती द्यावी, आहार पूर्ववत झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. पायाचा अंगठा सुजून ठणकत असेल, तर मात्र थांबू नये. गाऊट वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.