पन्नास रुपयांचं ताट

आष्टी तालुक्यातल्या कड्यासारख्या गावांत त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेची ही रक्कम २०२३ मध्ये हजारावरून १५०० रुपये झाली. दिवसाला पन्नास.

एकट्या राहणाऱ्या, ५० किलो वजनाच्या वृद्ध बाईचा हिशेब मांडू. प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत. म्हणजे रोज जेमतेम साडेपाचशे कॅलरी. गरज साधारण १५००. उरलेलं धान्य, डाळ, तेल, तिखट-मीठ, चहा, साबण सगळं त्या पन्नासात.

पैसे जमा व्हायला उशीर झाला की पहिली काट डाळीला बसते. मग भाकरी-चटणी. पोट भरतं, पण रोज लागणाऱ्या सुमारे ४१ ग्रॅम प्रथिनांपैकी रेशनच्या धान्यातून १५-१६ ग्रॅमच मिळतात. म्हातारपणी ती कमी पडली की स्नायू झिजतात, तोल जातो, माणूस पडतो.

म्हणून काटायचंच तर चहा-साखर, बिस्किटं काटावीत. (सांगणं सोपं, हे कबूल.) पन्नास ग्रॅम तूरडाळीत ११ ग्रॅम प्रथिनं, मूठभर शेंगदाण्यांत सहा. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी असतं, ते डाळ भरून काढते. तांदुळजा, शेवग्याचा पाला बांधावर मिळतो. वर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत घ्याव्यात.

अंडं आठवड्याला एखादं जमेल. रोजचं दूध मात्र या हिशेबात मला कुठेच बसवता आलं नाही.