शर्यतीचा सूत्रधार : डेल इनमन

शर्यत संपली कीं पुष्पहार पडतो तो मोटार हांकणाऱ्याच्या गळ्यांत. ज्यानें ती मोटार सिद्ध केली त्याचें नांवही प्रेक्षकांस बहुधा ठाऊक नसतें. अमेरिकेंतील 'नॅस्कार' शर्यतींत या पडद्यामागील पुरुषास 'क्रू चीफ' म्हणतात. यंत्राची जुळणी, टायरांची निवड, पेट्रोलाचा हिशेब आणि मोटार केव्हां थांबवावयाची याचा निर्णय, हा सर्व भार त्याच्या शिरावर असतो. या पदाचे आद्य मानकरी म्हणून गणले गेलेले डेल इनमन यांची हकीगत आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल.

इनमन यांचा जन्म १९३६ सालचा. नॉर्थ कॅरोलायनांतील लेव्हल क्रॉस या खेड्यांत ते वाढले. सुप्रसिद्ध रिचर्ड पेटी हे त्यांचे नात्यानें भाऊ. रिचर्ड यांनीं मोटार हांकावी व डेल यांनीं ती सिद्ध करावी, असा परिपाठ पडला. १९६७ सालीं या जोडीनें एका हंगामांत २७ शर्यती जिंकल्या, त्यांपैकीं १० ओळीनें! १९६४ ते १९७९ या काळांत अजिंक्यपद सात वेळां त्यांच्याकडे आलें.

या कामाचें मर्म १९८१ सालच्या डेटोना येथील ५०० मैलांच्या शर्यतींत दिसतें. २०० फेऱ्यांपैकीं सुमारें २५ उरल्या असतां पेट्रोलासाठीं थांबणें भाग होतें. प्रतिस्पर्ध्यांनीं त्याच वेळीं झिजलेले टायरही बदलले. इनमन यांनीं केवळ पेट्रोल घालून रिचर्ड यांस सोडून दिलें. वांचलेल्या कांहीं सेकंदांनीं आघाडी मिळाली खरी; परंतु जुन्या टायरांवर मोटार घसरण्याचें भय अधिक. घसरती तर दोष सांगणाऱ्याचा, पण जीव हांकणाऱ्याचा! रिचर्ड यांनीं शब्दावर विश्वास ठेविला आणि बॉबी ॲलिसन यांस मागें ठेवून ही शर्यत सातव्यांदा जिंकली.

हा आनंद ओसरतो न ओसरतो तोंच इनमन पेटींस सोडून परक्या चमूंत गेले. भावाच्या पुण्याईवर यांचें नांव झालें, असें म्हणावयास आतां कोणासही जागा होती. त्यास उत्तर १९८४ सालीं मिळालें. तरुण टेरी लबॉन्टी यांच्यासह त्यांनीं आठवें अजिंक्यपद मिळविलें. रिचर्ड यांचीं सातही अजिंक्यपदें डेल यांच्या साह्यानें मिळालेलीं. डेल यांचें आठवें मात्र रिचर्ड यांच्यावांचून.

यावरून रिचर्ड यांचें कौशल्य उणें ठरतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राज्य गमावून बाहुक या नांवानें ऋतुपर्णाच्या पदरीं राहिलेल्या नलराजाची अश्वविद्या जशी लपली नाहीं, तशीच खरी विद्या धनी बदलल्यानें लोपत नाहीं. इनमन पुढें पेटींकडे परतले, आणि २०१२ सालीं नॅस्कारच्या सन्मानमंदिरांत त्यांस स्थान मिळालें. हार उशिरां पडला, पण योग्य गळ्यांत पडला.